नवं मशीन, पंखे फिरतात, स्क्रीन काळी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स अशा कामांसाठी गावात छोटं केंद्र टाकायचं म्हणून पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर जोडला. रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). ग्राफिक कार्ड नाही. थोडं सामान नागपूरला सीताबर्डीतून घेतलं, थोडं ऑनलाइन. बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डवर पिवळा लाइट लागून राहतो आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. मिनिटभर पाहून मी बंद करतो. कधी मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू होतं. रॅमची अदलाबदल केली, बोर्डवरचा सेल काढून लावला, तरी तेच. तुरीच्या पैशातून घेतलेलं आहे. बाबा रोज विचारतात, “नवं हाय त चालत काहून नाही?” रॅम परत करायची मुदत दोन दिवसांत संपते. पाठवून देऊ का?

उत्तर : भाऊ, रॅम पाठवू नका. निदान आजची रात्र तरी थांबा. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, मशीन बिघडलेलं नाहीच. ते सुरुवातीचं काम करत असतानाच तुम्ही त्याला बंद करताय.

तुमच्या प्रोसेसरचं एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डवर तो बसतो ती जागा, २०२२ साली आलं आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. जुन्या मशीनवर हात बसलेल्यांना या जोडीची एक गोष्ट ठाऊक नसते. पहिल्यांदा सुरू केलं की प्रोसेसर आधी रॅमशी जुळवून घेतो. ठरावीक नमुन्याचा डेटा रॅमकडे पाठवायचा, तो जसाच्या तसा परत येतो का ते पाहायचं, नाही आला तर वेळ आणि व्होल्टेज किंचित इकडेतिकडे करून पुन्हा पाठवायचा, असं त्याचं चाललेलं असतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. नवी बैलजोडी औताला जुंपली की पावलं जुळेपर्यंत पहिली दोन-चार तासं वाकडी जातातच, तसं हे आहे. हे चालू असताना स्क्रीन काळी राहते, पंखे फिरतात, रॅमचा लाइट लागलेला असतो, आणि मधेच एखाद्या वेळी बोर्ड स्वतःच बंद होऊन परत सुरू होतो. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं यात आली.

याला कधी दोन-चार मिनिटं लागतात, कधी दहाच्याही वर जातं. तुम्ही मिनिटभरात बटण दाबून ते तोडता. मग रॅम बदलता, म्हणजे जुळणी पहिल्यापासून. सेल काढता, की बायोसमध्ये (बोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये) साठलेलं पुसलं जातं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. चुकीचं असं तुम्ही काही केलं नाही. डीडीआर३ किंवा डीडीआर४ च्या मशीनवर मीही हेच करायला सांगितलं असतं.

तेव्हा आधी एवढंच करा. दोन्ही रॅम प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घट्ट बसवा. बोर्डवर तिथे ए२ आणि बी२ असं बारीक छापलेलं असतं. मॉनिटरची एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. लाइन जाणार नाही अशी वेळ पाहून, शक्यतो यूपीएसवर, मशीन सुरू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. मोबाइलवर गजर लावून बाहेर जाऊन बसा. समोर बसलं की बोट बटणाकडे जातंच. एकदा का बायोसची स्क्रीन आली की जुळवलेलं सेटिंग साठवलं जातं आणि पुढच्या वेळी एवढा वेळ लागत नाही. रॅमचा वेग वाढवणारं एक्स्पो नावाचं सेटिंग मात्र पहिल्या दिवशी चालू करू नका. विंडोज टाका, चार दिवस काम करा, मग पाहा.

तुमच्या ७६०० मध्ये ग्राफिक आहे, म्हणून कार्ड नसलं तरी चित्र येईल. पण खोक्यावरचा नंबर परत एकदा वाचा. ७५००एफ असेल तर त्यात ग्राफिक नाही, आणि कार्डाशिवाय स्क्रीन जन्मात लागणार नाही. इंटेलच्या १२४००एफचंही तसंच. नंबराच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, म्हणून पुष्कळ जण तोच आणतात.

आता समजा पंधरा मिनिटांनंतरही काळीच. मग मुख्य स्विच बंद करून, प्लग काढून, एकच रॅम ए२ मध्ये ठेवा आणि पुन्हा पंधरा मिनिटं द्या. नंतर त्याच खाचेत दुसरी रॅम. एका रॅमवर लागलं आणि दुसरीवर नाही, तर ती दुसरी खराब, बिनधास्त परत पाठवा. दोन्हींवर नाही लागलं तर रॅमवर संशय घेण्यात अर्थ नाही, कारण दोन नव्या रॅम एकदम खराब निघणं फार क्वचित होतं.

त्यानंतर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. प्रोसेसरला स्वतःची वेगळी वीज लागते आणि ती देणारा आठ पिनांचा प्लग तिथे असतो. मोठा २४ पिनांचा प्लग सगळे लावतात. हा कोपऱ्यातला मात्र राहून जातो, कारण कमी किमतीच्या कॅबिनेटमध्ये तिथे बोटं जात नाहीत आणि केबलही तोकडी पडते. तो नसला तरी पंखे फिरतात, लाइट लागतात, आणि माणसाला वाटतं की वीज तर येतेय. एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन प्रकारच्या केबल निघतात. चार-चारमध्ये फुटणारी प्रोसेसरची, सहा-दोनमध्ये फुटणारी ग्राफिक कार्डाची. दिसायला सारख्याच असतात, पण खाचा वेगळ्या. जोर लावून बसवावी लागतेय असं वाटलं तर तिथेच थांबा. तुमचा पिवळा लाइट रॅमचाच असेल तर हा प्लग लागलेला असण्याचीच शक्यता जास्त, तरी एकदा हाताने चाचपून घ्या.

त्या लाइटांविषयी इतर वाचकांसाठी सांगते. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक लाइट असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक), बूट. मशीन ज्या पायरीवर अडलं तो लाइट लागून राहतो. रंग प्रत्येक कंपनीचे सारखे नसतात, म्हणून शेजारचं छापील नाव वाचायचं. शेवटचा बूटचा लाइट लागला तर आनंदच माना, कारण नव्या एसएसडीवर विंडोज नसतंच.

एवढं करून भागलं नाही तर सगळं बाहेर काढा. मदरबोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवा. ज्या चंदेरी पिशवीतून तो आला त्या पिशवीवर ठेवू नका, तिच्यातून वीज जाऊ शकते. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएसचे दोन प्लग आणि मॉनिटर, बस. कॅबिनेटच्या बटणाची वायर जिथे लागते त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं की मशीन सुरू होतं. बाहेर चाललं आणि आत चालत नसेल तर दोष कॅबिनेटमध्ये शोधायचा. नेरहून एक मुलगा मोटारसायकलवर कॅबिनेट पुढ्यात धरून माझ्या दुकानात आला होता. बोर्ड काढला तर खाली एक पितळी स्टड, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट, जास्तीचा. बोर्डला त्या जागी भोकच नव्हतं. स्टडचं टोक बोर्डच्या पाठीला टेकत होतं आणि तिथे घासल्याची एक चकचकीत रेघ उमटली होती. स्टड काढला, मशीन लागलं.

बोर्ड बाहेर आहेच तर पंख्याचे स्क्रूही पाहा. एका बाजूने जास्त आवळले गेले की प्रोसेसर सॉकेटवर सारखा दाबला जात नाही आणि रॅम दिसेनाशी होते. थोडे सैल करून, तिरप्या जोडीने, थोडं थोडं आवळत न्या. शेवटचा उपाय म्हणून प्रोसेसर उचलून मोबाइलच्या टॉर्चने तिरपा उजेड पाडून सॉकेट पाहा. तुमच्या बोर्डावर पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत, एकूण १७१८. एखादी वाकली असेल तर तिची चमक बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका, माझ्यासारख्या कुणाकडे भिंगाखाली दाखवा. आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकलं असेल तर कचऱ्यातून शोधून आणा. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर कंपनीवाले ते झाकण मागतात.

बायोस जुना असल्यामुळे बोर्ड प्रोसेसरला ओळखत नाही, असंही काही जणांचं होतं. बी६५० वर ७६०० सहसा बायोस न बदलता चालतो, त्यामुळे तुमचा तो प्रश्न नसावा. ज्यांनी जुन्या साठ्यातल्या बी६५० वर नंतर आलेला ९००० मालिकेतला प्रोसेसर लावला असेल त्यांनी बायोस बदलावा. मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून हे काम प्रोसेसर न लावताही होतं, फक्त त्या पाच-दहा मिनिटांत लाइन जाता कामा नये.

आणि बाबांना सांगा की दोन दिवसांची मुदत पुरेशी आहे. आज रात्री पंधरा मिनिटं, उद्या एक-एक रॅम. एवढ्यात पाठवायचं की ठेवायचं ते कळेल. मशीन लागलं तर कापूस भरलेल्या खोलीत मात्र ठेवू नका. त्याचे तंतू पंख्यात ओढले जातात आणि उन्हाळ्यात मशीन तापून बंद पडतं.

प्रश्न : ताई, रिसोड तालुक्यातून लिहितेय. मी शिक्षिका आहे. घरी नवीन कॉम्प्युटर जोडून घेतला. सकाळी छान चालतो. संध्याकाळी मात्र दोन-तीनदा स्वतःच बंद होऊन सुरू होतो. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लागला की मुंग्या येतात. जोडणाऱ्याने सांगितलं की सगळे पार्ट ठीक आहेत. मग हे काय?

उत्तर : बाई, तो खरं सांगत असावा. तुमच्या घरची वीज तपासून घ्या.

एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरवर इनपुट लिहिलेलं असतं. १००–२४० लिहिलं असेल तर तो कमी व्होल्टेज सहन करतो. पुष्कळ स्वस्त एसएमपीएसवर २००–२४० असतं. आपल्याकडे लाइन २३० ची धरलेली, पण संध्याकाळी सगळीकडे दिवे, कूलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम लागल्या की रोहित्रापासून लांबच्या घरात व्होल्टेज १८० च्याही खाली येतं. तिथे २०० वाला एसएमपीएस हात टेकतो. मशीन ज्या वेळेला बंद पडतं त्याच वेळेला व्होल्टेज मोजून घ्या. सकाळी मोजून काही कळायचं नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का तेही पाहा. साध्या मोडवर लाइन बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होतो.

मुंग्या येतात त्या अर्थिंग नसल्यामुळे. एसएमपीएसमध्ये वीज गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. तिसरी पिन जमिनीपर्यंत पोचलेली असली तर ती गळती तिकडे निघून जाते. नसली तर पत्र्यावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज उभं राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. जोराचा झटका बसला तर मात्र प्लग काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा.

अर्थिंग घातलेलं असूनही असं होतं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडं पडतं आणि पट्टीचा मातीशी संबंध तुटतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता. नंतर वायरमनकडून मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच व्होल्टेज आलं पाहिजे जेवढं फेज आणि न्यूट्रलमध्ये येतं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. त्याच्याकडे मीटर नसेल तर गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे हमखास असतो.