केनियातला पगार आणि हाउसिंग लेव्हीचे जास्तीचे २,२५०

प्रश्न: माझे मिस्टर आधी बुटीबोरीला मेंटेनन्सला होते, आता नैरोबीजवळ थिकाला एका कारखान्यात लागलेत. पगार महिन्याला १,५०,००० शिलिंग ठरला होता पण सप्टेंबर २०२५ ला हातात आले १,०२,८८०. स्लिपवर पीएवायई (म्हणजे पगारातून कापलेला इन्कम टॅक्स) ३४,१७५, एनएसएसएफ ४,३२०, एसएचआयएफ ४,१२५ आणि हाउसिंग लेव्ही ४,५०० अशी कटिंग आहे. एचआर म्हणते सगळा सरकारी नियम आहे. खरंच एवढं कापतात का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर: ताई, आकडे सगळे लिहून पाठवले ते फार चांगलं केलं, त्यामुळे नीट हिशोब लावता आला. पहिले तीन आकडे बरोबर आहेत. चौथा चूक आहे, आणि त्याबद्दल तुमच्या मिस्टरांनी गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं.

एनएसएसएफ म्हणजे आपल्या पीएफसारखं समजा. पगाराच्या ६ टक्के, पण सप्टेंबर २०२५ ला ते ७२,००० शिलिंगपर्यंतच्याच पगारावर होतं, म्हणून त्या महिन्याला जास्तीत जास्त ४,३२०. तेवढेच कंपनीने स्वतःचे टाकायचे. एसएचआयएफ हा आरोग्याचा, पूर्ण ग्रॉसवर २.७५ टक्के, त्याला वरची मर्यादाच नाही. ऑक्टोबर २०२४ च्या आधी त्याच्या जागी एनएचआयएफ हा जुना आरोग्य निधी होता तेव्हा कितीही पगार असला तरी १,७०० च्या वर कापत नव्हते, म्हणून तिथले जुने लोक अजून कुरकुर करतात, पण कायदा आहे.

आता हाउसिंग लेव्ही, म्हणजे परवडणाऱ्या घरांसाठी सरकार घेतं ती वर्गणी. ही २०२३ मध्ये आली, कोर्टात अडकली, मग मार्च २०२४ मध्ये वेगळा कायदा करून परत लागू केली. नोकरदाराचे दीड टक्के आणि कंपनीचे दीड टक्के. दीड लाखावर दीड टक्के म्हणजे २,२५०. तुमच्याकडून कापले ४,५००, म्हणजे कंपनीने आपला वाटाही तुमच्याच पगारातून काढला, जो तिने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. आणि बघा, टॅक्स काढताना त्यांनी वजावट २,२५० चीच धरलीय. दीड लाखातून ४,३२०, ४,१२५ आणि २,२५० वजा केले की उरतात १,३९,३०५. त्यावर पहिल्या २४,००० ला १० टक्के, पुढच्या ८,३३३ ला २५ टक्के आणि उरलेल्याला ३० टक्के लावून २,४०० चा पर्सनल रिलीफ, म्हणजे टॅक्समधली महिन्याची ठरलेली सूट, वजा केला की बरोबर ३४,१७५ येतात. म्हणजे हिशोब करणाऱ्याला खरा वाटा माहीत आहे. हातात यायला पाहिजे होते १,०५,१३०.

भांडायची गरज नाही, एचआरला साधा ईमेल करा, हाच हिशोब टाका, मागच्या महिन्यांचा फरकही मागा. नाहीच ऐकलं तर तिथल्या लेबर ऑफिसला जाता येतं. स्लिपवर प्रत्येक कपात वेगळी दाखवणं आणि सगळी कपात मिळून पगाराच्या दोन तृतीयांशाच्या वर न जाणं हे तिथल्या २००७ च्या एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टमध्येच आहे.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कापलेले पैसे भरले का ते बघा. स्लिपवर आकडा छापला म्हणजे सरकारकडे पोचला असं होत नाही, हे आपल्याकडे हिंगणा एमआयडीसीत पीएफच्या बाबतीत किती लोकांनी भोगलंय. एनएसएसएफच्या मेंबर पोर्टलवर दर महिन्याची एन्ट्री दिसते. टॅक्सचं केआरएच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या, आयटॅक्स वेबसाइटवर कळतं. तिथलं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, कंपनीकडून पी-नाइन फॉर्म (आपल्या फॉर्म १६ सारखा) घ्यायचा आणि ३० जूनच्या आत रिटर्न भरायचं, टॅक्स कंपनीने कापला असला तरी. आणि एनएसएसएफचा नंबर जपून ठेवा, केनिया कायमचं सोडताना ते पैसे मागता येतात, पुष्कळ लोक तसेच सोडून येतात हो.

प्रश्न: भाच्याला केनियातल्याच मोम्बासाची ऑफर आहे, एजंट म्हणतो पहिले १८३ दिवस टॅक्स लागत नाही. खरं आहे का?
– एक वाचक, महाल

उत्तर: नाही भाऊ. तिथे काम करून मिळालेल्या पगारावर पहिल्या दिवसापासून टॅक्स आहे. १८३ दिवसांवरून तिथले रेसिडेंट की नाही एवढं ठरतं, आणि तो २,४०० चा रिलीफ फक्त रेसिडेंटलाच मिळतो. भारताच्या बाजूने म्हणाल तर नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर एनआरआय धरला जातो, म्हणून निघायची तारीख सीएला विचारून ठरवा. ऑफर लेटरवर पगार ग्रॉस आहे की नेट हे लिहून घ्या, आणि कंपनी राहायला घर देणार असेल तर त्याचीही किंमत उत्पन्नात धरून टॅक्स लागतो, तो कोण भरणार तेही त्याच कागदावर येऊ द्या. एजंटच्या तोंडी बोलण्यावर सही करू नका.