शालोम, सलामत आणि क्षेम

प्रश्न असा आला आहे : ख्रिस्ती माणसं 'देवाचा आशीर्वाद आणि शांती लाभो' असं जोडीनं का म्हणतात? आशीर्वाद मिळाला की मनःशांती मिळते, एवढाच अर्थ ना?

नाही. ही 'मनःशांती' मुंबईत जिकडेतिकडे ऐकू येते आणि दर वेळी खटकते. नाताळच्या शुभेच्छांत ती, माणूस गेला की 'आत्म्यास शांती' म्हणूनही तीच. आपली शांती 'शम्' धातूची. शमणं, निवणं, थांबणं. वास्तुशांतीत दोष शमवतात, ग्रहशांतीत पीडा. काहीतरी नाहीसं व्हावं लागतं. बायबलमधल्या मूळ हिब्रू 'शालोम'मध्ये मात्र काहीतरी पुरं व्हावं लागतं.

धातू श-ल-म. अखंड असणं, पुरतं असणं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात वेदीसाठी हत्यार न लागलेले अखंड दगड सांगितले आहेत. ते दगड 'शलेम'. 'निर्गम' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात चोरलेल्या बैलाची भरपाई करायची आहे, तिथलं क्रियापदही याच धातूचं. येशूची बोली अरामी, तिच्यात हाच शब्द 'श्लामा'. आणि अरबी स-ल-म तर आपल्या घरात कधीचं नांदतंय : 'शिर सलामत तर पगडी पचास'! सलामत म्हणजे शाबूत, धड. शालोम समजावून सांगायला मराठीत याहून नेमकी म्हण नाही. ('सलाम' हा 'शालोम'चा अपभ्रंश, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. चूक आहे. ती भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत.)

शालोम म्हणजे 'हिब्रू ॐ शांती' असं लिहिणाऱ्या विद्वानांनी दुसऱ्या शमुवेलाचा 11वा अध्याय उघडावा. रणांगणावरून आलेल्या उरीयाला दावीद राजा तीन गोष्टी विचारतो : सेनापती यवाबाचं शालोम, लोकांचं शालोम आणि युद्धाचं शालोम. युद्धाचं! इथे 'शांती' घालून मराठी वाक्य उभंच राहत नाही. इथे शोभेल असा शब्द एकच, क्षेम.

आणि माझं ठाम म्हणणं आहे की मराठी बायबलमध्ये 'शांती'च्या जागी बहुतेक ठिकाणी 'क्षेम'च हवा होता. क्षेम म्हणजे जे आहे ते सुखरूप राहणं. योगक्षेमातला क्षेम तोच, क्षेमकुशलातलाही तोच. शिवाय जुन्या मराठीत 'क्षेम देणे' म्हणजे मिठी मारणे. ज्ञानदेव 'कानडा'च्या अभंगात विठ्ठलाला क्षेम द्यायला निघतात ते याच अर्थानं. आता चर्चमध्ये पाहा. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, कम्युनियनच्या (प्रसादाची भाकर घेण्याच्या) आधी सगळे एकमेकांकडे वळून शांती देतात. आपल्याकडे हात जोडून, मान लववून. पण पहिल्या शतकात प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलं होतं की पवित्र चुंबनानं एकमेकांना सलाम करा. म्हणजे ही शांती मुळात अंगभेटीची, उराउरी भेटण्याची. 'क्षेम द्या' म्हटलं असतं तर कुशल, सुरक्षा आणि आलिंगन, तिन्ही एका शब्दात आलं असतं! 'फार जुनाट शब्द' हा आक्षेप मला मान्य नाही. बायबलच्या मराठीत याहून कितीतरी जुने शब्द सुखानं राहताहेत.

मनःशांतीवाल्यांसाठी योहानाचा 20वा अध्याय. शिष्य भीतीनं दारं लावून बसलेले. पुनरुत्थित येशू मध्ये उभा राहून म्हणतो, तुम्हांस शांती असो. आणि लगेच हातांवरच्या, कुशीतल्या जखमा दाखवतो. जखमा नाहीशा झालेल्या नाहीत. पुन्हा तेच शब्द म्हणतो आणि शिष्यांना बाहेर, जगात पाठवतो. निवांत बसवत नाही.

राहिली 'आशीर्वाद आणि शांती' ही जोडी. तिचं मूळ 'गणना' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात आहे, याजक अहरोनाच्या आशीर्वादात. मराठी उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावून बऱ्याचदा हाच म्हणतात. हिब्रूत तीन ओळी. पहिलीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. ओळींगणिक लांबत जाणाऱ्या या आशीर्वादाचा प्रारंभ 'आशीर्वाद देवो' असा, आणि पंधरावा, अगदी शेवटचा शब्द 'शालोम'. शालोम ही आशीर्वादाला जोडलेली वेगळी भेट नव्हे, आशीर्वाद पोचतो ती जागा आहे. जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत 1979 साली चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. वय सुमारे 2,600 वर्षं. बायबलमधला इतका जुना मजकूर दुसरीकडे कुठेही हाती लागलेला नाही.

आशीर्वादाला हिब्रूत 'बराखा'. आपली बरकत त्याच कुळातली.

आणि परळ-दादरच्या फलकांवर 'आर्शिवाद' लिहिणं आता थांबवा. आशिस् + वाद. रफार 'वा'वर, 'शी' दीर्घ.