रिपोर्टमध्ये रेझिस्टंट जंतू आलाय पण त्रास काहीच नाही, मग घरातल्यांनी त्या माणसापासून लांब राहावं का?

लांब कशाला राहायचं? तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, ईएसबीएल ई. कोलाय (बऱ्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू) निघाला, ताप नाही, जळजळ नाही, तरी घर घाबरलंय. आमच्याकडं हेच झालतं म्हणून लिहितोय.

माय खुब्याचं ऑपरेशन करून संभाजीनगरहून गावी आली तेव्हा फायलीत असाच रिपोर्ट होता. थोरल्या वहिनीनं लगेच तिचं ताट-तांब्या वेगळा काढला, भांड्यात मिसळू नये म्हणून ताटाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि लेकरांना तिच्या बाजेजवळ फिरकू देईना. जिनं जलमभर या घराच्या भाकरी थापल्या ती माय मला विचारती, "मला काय महारोग झालाय का रे?" मी तेव्हाही भांडलो, आजही तेच म्हणतो, हा येडेपणा आहे.

हा जंतू चांगल्या धडधाकट माणसाच्या आतड्यात राहतो आन त्याला पत्ताही नसतो. नेदरलँडच्या प्रवाशांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात आपल्या दक्षिण आशियात फिरून गेलेल्या चारातले जवळपास तीन जण असले जंतू पोटात घेऊन घरी गेले, तेही थोड्या दिवसांच्या मुक्कामात. बहुतेकांचे काही महिन्यांत गेले, थोड्यांचे वर्षभरानंतरही होते. मग आपण तर इथंच टँकरच्या पाण्यावर वाढलो, वहिनीच्या पोटात नसतीलच असं कोण सांगणार?

ताट वेगळं करून काय होत नाही, हे पसरतं संडासच्या हातानं. पाणी आठ दिवसाला येत असलं तरी संडासहून आल्यावर, लघवीची पिशवी रिकामी केल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबण लावाच. त्रास नसताना नुसत्या रिपोर्टपायी अँटिबायोटिक घेऊ नका, साधे जंतू मरतात आणि हेच माजतात. माईचं ताट वेगळं करणारी वहिनी लेकराला जरा ताप आला की मेडिकलवरून सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आणायची, दोन डोस द्यायची की बाटली फ्रिजमध्ये. हे औषध २०१४ पासून सरकारच्या शेड्यूल एच-१ यादीत आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, पण दुकानदार देतो. घराला खरा धोका त्या बाटलीचा होता, माईच्या ताटाचा नाही.

हां, बाई गरोदर असेल किंवा प्रोस्टेट, मुतखड्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्रास नसला तरी रिपोर्ट डॉक्टरला दाखवा, तिथं औषध लागू शकतं. आणि सासऱ्यांना थंडी वाजून ताप आला तर फाइल सोबत न्या, नायतर नेहमीचं इंजेक्शन चालू होतं, ते लागू पडत नाही आणि दिवस वाया जातात.