बिल्ला नको, मिनिटं मोज

चि. पोरा,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. अकादमीचा होमग्रोन करार (एमएलएस, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च लीगचा क्लब आपल्याच अकादमीतल्या पोराला देतो तो), जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाचं बोलावणं आणि कॉलेजची स्कॉलरशिप, असे तीन कागद समोर ठेवून तू विचारतोस, "काका, यातलं मोठं नाव कोणतं?" नाव घेऊन काय करणार आहेस? कुठे खेळायला मिळेल, कोणत्या जागेवर, कोणाविरुद्ध आणि किती मिनिटं, एवढंच विचार. फुटबॉलमध्ये तुझ्यासारखा मिडफिल्डर घडतो तो मोठ्यांच्या सामन्यांतल्या मिनिटांनी. हेच मी पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

विंगरच्या एका बाजूला टचलाइन असते, तिकडून कुणी अंगावर येत नाही. तुझ्या चहूबाजूंनी माणसं. सेंटर बॅकने (मधल्या बचावपटूने) मारलेला पास तुझ्यापर्यंत यायला जेमतेम सेकंदभर लागतो. तेवढ्यात तुझी मान दोनदा वळायला हवी: एकदा चेंडू सेंटर बॅककडे जात असताना, आणि दुसऱ्यांदा त्याने मारल्यावर, चेंडू गवतावरून तुझ्याकडे येत असताना. दुसरी नजर बहुतेक मुलं गाळतात, कारण चेंडूवरून डोळे काढायची भीती वाटते. मग छाती सेंटर बॅककडे करून उभं राहायचं, जवळच्या पायाने चेंडू अडवायचा, मागून कुणी पाठीवर आदळलं की आला तिथेच परत ढकलायचा. स्टॅट्समध्ये तो पास यशस्वी दिसतो आणि मुलगा खूश. तेच अंग अर्धं वळवून लांबच्या पायावर चेंडू घेतलास, तर पहिल्याच टचला पुढचं मैदान उघडतं. गाइर यॉर्डेट या नॉर्वेच्या संशोधकाने वर्षानुवर्षं हेच मोजलं: चेंडू येण्याआधी कोण किती वेळा आजूबाजूला पाहतो. जास्त पाहणाऱ्यांचे पास जास्त पोहोचतात.

तू म्हणशील, हे तर मी सरावात रोज करतो. करतोस. पण सरावात अंगावर येणारा रोजचाच असतो, तो कुठून येणार हे तुला पाठ असतं. सामन्यात सत्तराव्या मिनिटाला, आठ-नऊ किलोमीटर पळून झाल्यावर, ज्याचं घर त्या पगारावर चालतं असा तिशीचा माणूस अंगावर येतो, तेव्हा आधी मान थांबते आणि मग पाय. त्या दमलेल्या अवस्थेतही मान वळावी ही सवय फक्त मिनिटांनी लागते. वीस वर्षांखालच्या मुलांत शंभर सामने खेळलास तरी लागेलच असं नाही.

उदाहरणं तुझ्याच देशातली घे. टायलर ॲडम्स रेड बुल्सच्या पहिल्या संघात स्थिरावण्याआधी त्यांच्या दुसऱ्या संघाकडून यूएसएलमध्ये, म्हणजे एमएलएसच्या खालच्या लीगमध्ये, खेळला. तुझे मित्र ज्या लीगला हसतात तीच ही. जानेवारी 2019 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला गेला तो तयार खेळाडू होऊन, आणि 2022 ला कतारमध्ये अमेरिकेचा कर्णधार होता. लुका दे ला तोरे फुलहॅममध्ये वाढला, लंडनचा पत्ता होता, पण पहिल्या संघात जागा नव्हती. 2020 मध्ये तो नेदरलँड्समधल्या हेराक्लेसला गेला. अल्मेलो हे गाव नकाशावर शोधावं लागतं. तिथे खेळला, दोन वर्षांत स्पेनच्या सेल्टा व्हिगोने उचलला आणि विश्वचषकाच्या संघात आला. टॅनर टेसमनचं बघ: 2021 ला इटलीतल्या व्हेनेझियाला गेला, पहिल्याच मोसमात संघ खालच्या श्रेणीत घसरला. घरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला असता. तो मात्र सेरी बीमध्ये, म्हणजे त्या खालच्या श्रेणीत, खेळत राहिला, 2024 मध्ये संघ वर आला आणि त्याच उन्हाळ्यात तो फ्रान्सच्या लियोंला गेला. संघ घसरला तरी मिनिटं घसरली नव्हती.

उलटंही बघ. फ्रेडी अडू 2007 मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाला गेला. याहून मोठं नाव कुठलं? पुढे मोनॅको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर, असा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला, फिरत राहिला. प्रत्येक ठिकाणी नवा कोच, नवी भाषा आणि परत रांगेच्या शेवटी.

आता तू अमेरिकेच्या ख्रिस्तियन पुलिसिकचं नाव घेशील. सगळेच घेतात! पुलिसिक सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला जाऊ शकला, कारण आजोबांमुळे त्याला क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला. फिफाच्या कलम 19 प्रमाणे अठराच्या आत परदेशी क्लबकडे सहसा नोंदणी होत नाही. युरोपीय संघाचा पासपोर्ट असेल तर सोळापासून वाट मोकळी होते. तुझे वडिलांकडचे आजोबा साताऱ्याचे, त्यांचा इथे उपयोग नाही. पण आईचे वडील मडगावचे. त्यांचा जन्म 19 डिसेंबर 1961 च्या आधीचा, गोव्यातला, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. आधी आजोबांचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवायचा, मग आईचा, मग तुझा. जन्मदाखल्यात नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं असलं तरी काम अडतं आणि महिने जातात. वकील गाठा, पण हे हातात येईपर्यंत अठरा पूर्ण होतील असं धरूनच चाल. (आजी विचारत होती, भारताकडून खेळशील का. त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड चालत नाही, आणि अमेरिकेचा सोडावा लागतो. तिला नीट समजावून सांग.) आणि मुख्य गोष्ट विसरू नकोस: पुलिसिक वर्षाच्या आत डॉर्टमुंडच्या पहिल्या संघाकडून खेळायला लागला. त्याचा पत्ता पाहू नकोस, त्याची मिनिटं पाहा.

जर्मनीचं आकर्षण मला कळतं. बुंडेसलिगात युरोपबाहेरच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा नाही, म्हणून अमेरिकन मुलं तिकडे जातात. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूला किमान पगारच इतका द्यावा लागतो की क्लब अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरासाठी हात आखडता घेतात. पण तुला जे बोलावणं आलंय ते एकोणीस वर्षांखालच्या संघाचं आहे. त्यांचा दुसरा संघ कुठल्या श्रेणीत खेळतो, हे तुला माहीत नाही. तुझ्या एजंटलाही माहीत नाही, आणि याची मला खरोखर चीड येते. गेल्या तीन मोसमांत त्या संघातून पहिल्या संघात किती मिडफिल्डर गेले, त्यांना किती मिनिटं मिळाली? नेटवर अर्ध्या तासाचं काम आहे. फिफाचा परवाना खिशात असला म्हणजे एवढी तसदीही घ्यायची नाही का?

होमग्रोन करारातही खड्डे आहेत. त्यात नक्की वर्षं किती आणि ऑप्शनची, म्हणजे करार पुढे वाढवायच्या हक्काची, किती हे पाहा. ऑप्शन क्लबच्या हातात असतो, तुझ्या नाही: तू चांगला खेळलास तर त्याच पगारपत्रकावर अडकशील, नाही खेळलास तर मोकळा सुटशील. ऑप्शनची वर्षं कमी करायला सांग, पगार थोडा कमी आला तरी चालेल. 2025 मध्ये एमएलएसच्या राखीव यादीचा किमान पगार वर्षाला 80,622 डॉलर होता. बाबा त्याची तुलना सॉफ्टवेअरच्या पहिल्या नोकरीशी करणारच, करू दे. शिक्षणाच्या खर्चाची तरतूद मात्र करारात मागून घ्या, ती मागता येते.

सगळ्यात मोठा खड्डा शनिवारचा. पहिल्या संघाबरोबर दौऱ्यावर नेतात, कोट-टाय, विमान, बेंच. नव्वद मिनिटं बसायचं. रविवारी दुसऱ्या संघाचा नेक्स्ट प्रो (एमएलएसच्या दुसऱ्या संघांची लीग) सामना दुसऱ्याच शहरात, तो हुकला. घरच्यांना वाटतं मुलगा वर चालला. असे दहा आठवडे गेले की पाय जड होतात आणि कोच म्हणतो, मॅच फिट नाही! म्हणून टेबलावर बसलात की स्पष्ट विचार: शनिवारी मला उतरवलं नाही तर रविवारी मी खेळणार का? त्यांनी "बघू" म्हटलं तर ते "नाही" समज. तुझ्या जागेवर पुढे कोण आहेत, त्यांची वयं काय, करार कधी संपतात, हे कागदावर लिहून घे. तुझी जागा सहा नंबरची (बचावासमोर थांबायची) की आठची (पुढे-मागे धावायची)? "दोन्ही" असं उत्तर आलं तर पहिल्या वर्षी तुला राइट बॅक करतील.

कॉलेजबद्दल आईशी भांडू नकोस. एडन मॉरिस इंडियाना विद्यापीठात एक मोसम खेळला, मग कोलंबसला आला आणि 2020 च्या एमएलएस कप फायनलमध्ये सुरुवातीपासून खेळला. 2024 मध्ये तो इंग्लंडच्या मिडल्सब्रोला गेला. पण तो एका मोसमात निघाला. कॉलेजचे खरे सामने ऑगस्ट ते डिसेंबरात कोंबलेले असतात, आठवड्याला दोन-दोन, आणि तिथे बदललेला खेळाडू परत मैदानात येऊ शकतो. म्हणजे दमलेल्या पायांनी शेवटची वीस मिनिटं काढायची जी सवय लागायला हवी, तीच नेमकी कमी लागते.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. पुढचा विचार केला तरी हिशोब तोच येतो. ब्रिटनच्या वर्क परमिटला गुण लागतात, आणि ते मिळतात राष्ट्रीय संघातल्या सामन्यांवर, लीगच्या दर्जावर आणि तुझ्या क्लबच्या उपलब्ध मिनिटांपैकी तू किती टक्के खेळलास यावर. लंडनच्या कचेरीतला माणूस तुझा इन्स्टाग्राम पाहत नाही.

माझा आकडा असा आहे: अठरा ते वीस या दोन वर्षांत मोठ्यांच्या स्पर्धात्मक सामन्यांत किमान 3,000 मिनिटं, म्हणजे मोसमाला साधारण 17 पूर्ण सामने. यूएसएलची धरतो, नेक्स्ट प्रोची निम्मी धरतो, एकोणीस वर्षांखालची शून्य. एक वही कर: तारीख, कोणाविरुद्ध, कोणती जागा, किती मिनिटं, सुरुवातीपासून की बदली म्हणून, आणि अर्धं वळून घेतलेले चेंडू किती. शेवटचा रकाना व्हिडिओ पाहून भर, आठवणीने नको. सलग सहा आठवडे मिनिटांच्या रकान्यात शून्य आलं तर सातव्या आठवड्यात एजंटला फोन करून लोन माग. जानेवारीची वाट पाहत बसू नकोस. युरोपात जानेवारीची ट्रान्सफर विंडो (खेळाडू क्लब बदलू शकतात तो काळ) महिनाभरच उघडी असते आणि शेवटच्या दोन दिवसांत कुणी फोन उचलत नाही.

रविवारपर्यंत दोन्ही क्लबांच्या मिडफिल्डरांची यादी, वयं आणि करारांच्या तारखांसह मला पाठव. होमग्रोन करारातलं ऑप्शनचं पानही फोटो काढून पाठव, आणि तोवर कुठेही सही करू नकोस. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका