मोटरसायकलवर मोबाइल, जीपीएस आणि कॅमेऱ्यासाठी वीज कुठून घ्यावी: हेडलाइटच्या वायरीतून की थेट बॅटरीवरून?

थेट बॅटरीवरून घ्या, मध्ये रिले (किल्लीबरोबर चालू-बंद होणारा स्विच) टाका आणि फ्यूज बॅटरीला अगदी खेटून लावा.

तुम्हाला तिन्ही वस्तू एकदम चार्ज व्हायला हव्यात, किल्ली काढली की सगळं बंद व्हायला हवं, आणि मेकॅनिक म्हणतोय की हेडलाइटच्या वायरीला जोड दिला की काम झालं. हा जोड देऊ नका. बऱ्याच जुन्या आणि छोट्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. स्टेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, त्यातून निघालेला एसी (सतत दिशा बदलणारा) प्रवाह सरळ बल्बकडे जातो, म्हणून रेस दिली की उजेड वाढतो आणि गाडी सिग्नलला थांबली की मंदावतो. चार्जरला बॅटरीसारखा डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह लागतो, तो अशा वायरीवर जळू शकतो. तुमच्या गाडीचा हेडलाइट डीसी असला तरी माझं उत्तर तेच. ५५-६० वॅटचा बल्ब आधीच साडेचार-पाच अँपिअर खातो आणि त्या वायरी, तो स्विच तेवढ्याच भाराच्या हिशेबाने बसवलेले असतात. शिवाय रात्री वळणावर चार्जरमध्ये शॉर्ट झाला आणि फ्यूज उडाला, तर त्याच्यासोबत हेडलाइटही जाईल. मोबाइल चार्ज झाला नाही तर चालतं, समोरचा रस्ता दिसलाच पाहिजे.

आधी भार मोजून घ्या. फास्ट चार्जिंगवर मोबाइल १८ वॅट, कॅमेरा १० आणि जीपीएस ५ धरला तर ३३ वॅट होतात. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना चार्जर थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणून ३८ धरा. गाडी चालू असताना बॅटरीवर १३-१४ व्होल्ट असतात, म्हणजे प्रवाह साधारण ३ अँपिअर. त्यासाठी ५ अँपिअरचा फ्यूज आणि एक चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक वायर पुरते. घरातल्या वायरिंगची एकाच जाड तारेची वायर वापरू नका, गाडीच्या थरथरीत ती आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही.

आता फ्यूजचं. फ्यूज चार्जरला वाचवण्यासाठी असतो असं बरेच जण धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं आणि पहिल्यांदा वायरिंग केलं तेव्हा फ्यूज हँडलजवळ लावला, बदलायला सोपा म्हणून. पाचेक महिने काही झालं नाही. मग एका सकाळी गाडी बाहेर काढताना हँडल वळवलं आणि टाकीखालून करपल्याचा वास आला. सीट उघडेपर्यंत धूर दिसायला लागला होता. वायर एका जागी जळून तुटली म्हणून ते थांबलं. टाकी उचलून पाहिलं तर हँडलच्या गळ्याशी, चेसिसच्या वेल्डिंगची कड जिथे पुढे आली होती, नेमकं तिथे वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. तिथपासून बॅटरीपर्यंतची लाल वायर फुगून मऊ झाली होती आणि शेजारच्या मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) चिकटली होती. फ्यूज मात्र साबूत, कारण शॉर्ट झाला बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्यात. बॅटरी अशा वेळी शंभर अँपिअरच्याही वर प्रवाह ओतू शकते आणि या सगळ्याच्या वर भरलेली पेट्रोलची टाकी होती.

फ्यूज वाचवतो तो वायरला, आणि तीही त्याच्या पुढची. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज वीतभर अंतराच्या आत हवा. पाणी न शिरणारा होल्डर घ्या आणि दोन जास्तीचे फ्यूज सीटखाली ठेवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा मोठा फ्यूज कधीच घालू नका.

रिले म्हणजे किल्लीच्या इशाऱ्यावर चालणारा जाडजूड स्विच. चार पिनांचा साधा १२ व्होल्टचा घ्या. पिनांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे छापलेले असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची पॉझिटिव्ह, ८७ वरून चार्जरकडे जाणारी वायर, ८५ निगेटिव्हला आणि ८६ ला किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी वायर. ही शेवटची वायर कुठून घ्यायची यावर लोक अडतात. मी मागच्या ब्रेकच्या स्विचला येणारी पॉझिटिव्ह घेतो, कारण ती बहुतेक गाड्यांत किल्लीबरोबर चालू होते आणि सीटपासून जवळ असते. मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) खात्री करा: किल्ली चालू असताना १२ व्होल्ट, बंद केल्यावर शून्य, ब्रेक दाबला न दाबला तरी फरक नाही. रिलेची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार पडत नाही. रिले आतमध्ये डायोड किंवा रेझिस्टर असलेला मिळाला तर उत्तम. कॉइल बंद होताना व्होल्टेजचा झटका उलटा मारते, तो त्यातच जिरतो. डायोडवाला असेल तर ८५-८६ ची अदलाबदल करू नका.

एवढा खटाटोप कशाला, चार्जरला स्वतःचं बटण आहे की, असं वाटेल. पण बटण बंद करायचं राहतंच. व्होल्टमीटरचे आकडे दाखवणारा चार्जर काही न जोडताही २० मिलिअँपिअरच्या आसपास पीत राहतो असं धरू. दिवसाला होतात जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. ५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी पाच दिवसांत अर्ध्यावर येते आणि गावाहून परत आल्यावर सेल्फ घेत नाही. शिशाच्या बॅटरीला असं वारंवार उतरवलं की ती लवकर मरते.

निगेटिव्ह वायर चेसिसला न जोडता परत बॅटरीपर्यंत आणा. चेसिसवर रंग असतो, बोल्टाला गंज चढतो, आणि मग चार्जर मध्येच बंद पडण्याचा शोध घेण्यात रविवार जातो.

जोडांना क्रिम्प करा, म्हणजे धातूची टोपी पक्कडीने दाबून बसवा, बॅटरीला रिंग टर्मिनल (बोल्टात बसणारं गोल टोक), वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). सोल्डरचा मोह मलाही होतो, पण सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन थरथरीने तुटते. चिकटपट्टी उन्हात सुटते, तिच्यावर विसंबू नका. वायर टाकीखालून नेताना मूळ हार्नेसच्या बाजूने न्या, वर वेगळी स्लीव्ह घाला आणि सिलिंडर व सायलेन्सरपासून लांब ठेवा. हँडलच्या गळ्याशी मोकळा वळसा सोडा. केबल टाय घट्ट आवळण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा: कुठे ताणतंय, कुठे चेपतंय, कुठे घासतंय.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला लागला तर तिथेच ठिणगी पडते.

सगळं झाल्यावर मोजा. इंजिन बंद ठेवून बराच वेळ उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर असताना १३.८ ते १४.५. मग हेडलाइट, मोबाइल, कॅमेरा सगळं लावा. आकडा १३ च्या वर टिकला तर गाडीला भार झेपतोय. साडेबाराकडे घसरला तर चार्जिंग बॅटरीच्या जिवावर चाललंय, तेव्हा एखादी वस्तू कमी करा. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, आकडा थोडा खाली येतोच, कारण त्या वेगाला स्टेटर कमी वीज बनवतो.

यूएसबीचं तोंड खालच्या बाजूला करून बसवा. रबरी झाकण कितीही चांगलं असलं तरी वर तोंड असेल तर पाणी साचतं आणि पिना हिरव्या पडतात.

पुढेमागे टायरमध्ये हवा भरायचा पंप घ्यायचा विचार असेल तर तो या लाइनवर लावू नका. तो ८-१० अँपिअर सहज ओढतो. त्याच्यासाठी बॅटरीवरून वेगळी, जाड वायर काढा, १५ अँपिअरच्या फ्यूजसह, आणि पंप चालवताना इंजिन चालू ठेवा.