मॅरेथॉननंतरची सर्दी

पहिल्या मॅरेथॉननंतर आजारी पडशील म्हणून आत्तापासून काढे ढोसतोयस, ते आधी थांबव. ही भीती पसरण्यात एका अभ्यासाचा मोठा वाटा आहे. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर व्यायामाचे अभ्यासक डेव्हिड निमन यांनी धावपटूंकडे चौकशी केली. आठवडाभरात १२.९ टक्के लोकांना सर्दी-खोकल्यासारखा त्रास झाला होता; नाव नोंदवून, आजारपण सोडून इतर कारणांनी न धावलेल्यांत फक्त २.२ टक्के. पण हे सगळं धावपटूंच्या सांगण्यावर, प्रयोगशाळेत तपासणी नाही! शर्यतीनंतर रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटतात हे खरंच. मात्र त्या मरत नाहीत, बऱ्याचशा फुप्फुसांकडे, आतड्यांकडे गस्तीला जातात, असं कॅम्पबेल आणि टर्नर या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं. मला ते पटतं. गर्दी, प्रवास, आदल्या रात्रीची अर्धवट झोप यांच्याकडे आधी बघ.

म्हणून स्टार्टलाइनवर दुसऱ्याची बाटली तोंडाला लावू नकोस. लांब पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घे, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन कमी चढतं. नुसतं नाक वाहत असेल तर हळू पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर बूट घालूच नकोस, बिबचे (छातीवरच्या शर्यतीच्या नंबराचे) पैसे गेले तर जाऊ देत.