‘मिलर’ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘गणितज्ञ जॉर्ज ग्रीन यांच्या घराण्याची हकीकत मराठीत लिहितो आहे. त्यांचे वडील एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज खेड्यात ‘मिलर’, म्हणजे धान्य दळून देणारे, होते. मी ‘गिरणीमालकाचा मुलगा’ असं लिहिलं, तर बहिणीने विचारलं, त्यांची कापडाची गिरणी कुठे होती? मग कोणता शब्द घ्यावा?’

तुमच्या बहिणीचा कान अगदी बरोबर आहे. ‘गिरणी’ या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत आणि कुठला चालू आहे हे शेजारचा शब्द सांगतो. ‘गिरणीत दळण टाकलंय’ म्हटलं की पिठाची. ‘आजोबा गिरणीत होते’ म्हटलं की परळ-लालबाग, भोंगा, १९८२ चा संप. आता पुढचे शब्द पाहा. ‘गिरणी कामगार’ आणि ‘गिरणीमालक’ हे कापडाच्या बाजूला गेले ते कायमचे. ‘गिरणीवाला’ मात्र पिठाकडेच राहिला. मुंबईच्या कुठल्याही कापडसम्राटाला कोणी कधी ‘गिरणीवाला’ म्हटलेलं नाही. एका ‘वाला’ने आणि एका ‘मालक’ने शब्दाची अशी सरळ वाटणी केली, हे मला फार सुंदर वाटतं.

म्हणजे ‘गिरणीवाला’ लिहून मोकळं व्हावं का? अर्थ चुकणार नाही, पण चित्र चुकेल. गिरणीवाला म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मोटरचा पट्टा, रांगेत लावलेले डबे, भुवयांपर्यंत पांढरा झालेला माणूस. लहानपणी मी गव्हाचा डबा घेऊन जायचो तो याच माणसाकडे. तो कापडी नळीखाली हात धरायचा, पीठ चिमटीत चोळून बघायचा आणि चाक जरासं आवळायचा. ग्रीनच्या काळचा मिलरही पीठ असंच बोटांत चोळून पाहत असे, पण त्याची मोटर म्हणजे वारा होता.

इंग्रजीसारखा एकच जुना, नेमका धंदेवाचक शब्द आपल्याकडे का नाही, हे आधी बघायला हवं. दळणं हा आपल्याकडे धंदा नव्हता, ते घरातलं काम होतं आणि बाईचं होतं. बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आहेत, दळून देणारा नाही. तेल गाळायला घाणा लागतो, म्हणून तेली झाला. दळायला जातं लागतं, आणि ते प्रत्येक घरात होतं. ‘जातं’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’पासून आला आहे. यंत्र म्हणजे जातं, इतकं ते घरातलं मुख्य यंत्र! पहाटेच्या ओव्या, जनाबाईंसोबत दळणारा विठ्ठल, ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण, सगळं त्या दोन दगडांभोवती आहे. ‘दळणारी’ आहे, ‘दळणकांडण’ आहे, पण दळणारा पुरुष धंदेवाईक म्हणून भाषेत उशिरा आला, इंजिनाबरोबर. (‘दळवी’ हे आडनाव इथे पुढे करण्याचा मोह होतो. ते दळणाचं नाही, दळाचं आहे, म्हणजे सैन्याचं.)

इंग्लंडात हे उलटं का झालं? तिथे मध्ययुगात जमीनदाराची किंवा मठाची गिरणी असे आणि कुळांनी तिथेच दळायचं, दळणातला वाटा द्यायचा, असा हक्क असे. घरातलं जातं म्हणजे त्या हक्कात चोरी. सेंट अल्बन्सच्या मठाने चौदाव्या शतकात लोकांची जाती जप्त केली आणि मठातल्या दालनाच्या फरशीत बसवून टाकली. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोकांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. आपलं जातं परत मिळवण्यासाठी फरशी खणणारी ती माणसं वाचली की मला आपली जात्यावरची आजी जवळची वाटते. अशा व्यवस्थेत घराचं दळण गिरणीवर गेलं आणि ‘मिलर’ हा गावातला ठरलेला माणूस झाला. तो इतका रुळला की त्याचं आडनावही झालं. जर्मनीत तोच म्युलर.

आता ग्रीन घराण्याकडे. इथे तुम्हाला एका शब्दाने भागणार नाही. वडील, त्यांचंही नाव जॉर्ज ग्रीनच, मुळात नॉटिंगहॅममधले पाववाले. १८०७ मध्ये त्यांनी शहराबाहेर स्नेन्टन गावाच्या टेकडीवर विटांची उंच पवनचक्की बांधली. मुलगा (जन्म १७९३) जेमतेम वर्षभर शाळेत गेला आणि नवव्या वर्षाच्या सुमारास बेकरीत कामाला लागला. चक्कीचा रोजचा कारभार विल्यम स्मिथ बघत असे. त्याच्याच मुलीशी, जेनशी, धाकट्या जॉर्जचा संसार झाला. लग्न कधीच झालं नाही, मुलं मात्र सात झाली. म्हणजे एकाच चक्कीवर तीन ‘मिलर’: बांधणारा, चालवणारा आणि वारस. इंग्रजी तिघांना एकच शब्द देते. मराठीत मी वडिलांना ‘चक्कीमालक’ म्हणेन, स्मिथला ‘चक्कीचा कारभारी’ आणि मुलाला ‘चक्कीवाला’, कारण तो पोत्यांना हात लावत होता आणि चक्कीवरच राहून गणित शिकत होता. १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वावरचा आपला निबंध वर्गणी जमवून छापला. वर्गणीदार होते ५१.

‘चक्की’ का, ‘गिरणी’ का नाही? कारण ‘चक्की’ कापडाकडे जात नाही. मराठवाडा-विदर्भात पिठाच्या गिरणीला आजही चक्कीच म्हणतात, आणि औरंगाबादची ‘पाणचक्की’ सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगरातून नळाने आणलेल्या पाण्यावर तिथे खरंच पीठ दळलं जाई. ‘पवनचक्की’ या शब्दाशी मात्र जपून. साताऱ्याच्या पठारांवर त्या उभ्या राहिल्यापासून वाचक वीज समजतो. म्हणून पहिल्याच उल्लेखात ‘पिठाची पवनचक्की’ लिहा, नंतर नुसती ‘चक्की’ पुरेल.

आतल्या भागांसाठी इंग्रजी शब्द उसने घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, ही रचना जात्याचीच आहे, तेव्हा ‘खालची तळी’ आणि ‘वरची तळी’ लिहा. दाणे सोडणं म्हणजे ‘वैरणं’. वरून धान्य खाली सोडणाऱ्या खोक्याला पेरणीच्या पाभरीच्या ‘चाड्या’ची उपमा चालेल. आणि दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने पुन्हा खाचा पाडतात, त्याला ‘टाकी लावणं’ हा अस्सल शब्द आहे. दारोदार ‘जात्याला टाकी’ अशी हाळी देत बायका फिरत, ती ऐकलेली माणसं अजून आहेत. स्नेन्टनच्या चक्कीचे दगड या बाबतीत वेगळे नव्हते. त्यांनाही टाकी लावावी लागेच.

वडील १८२९ मध्ये गेले. ग्रीनने पुढे चक्की भाड्याने दिली आणि १८३३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. इथून पुढे त्याला ‘चक्कीवाला’ म्हणू नका, ‘चक्कीचा मालक’ म्हणा. दळण त्याच्या हातून सुटलं होतं. १८४१ मध्ये तो वारला तेव्हा नॉटिंगहॅमच्या एका वर्तमानपत्राने छोटी बातमी दिली. निबंधाचं मोल तेव्हा जवळपास कोणाला कळलेलं नव्हतं. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनला, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनला, तो निबंध १८४५ मध्ये सापडला. म्हणून त्या बातमीत ओळख होती ती बापाच्या धंद्याची. ती ओळ मी अशी लिहीन: ‘हा, आमच्या समजुतीप्रमाणे, नॉटिंगहॅमजवळच्या एका चक्कीवाल्याचा मुलगा.’ इथे ‘मालक’ नको. बातमी लिहिणाऱ्याला चक्की कोणाच्या नावावर होती याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला गावातला दळून देणारा माणूस दिसत होता.